सह्याद्रीतील ओढ्यांच्या वाटांवर माउंटन बाइकिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे कोणत्या वाटांविषयी आहेत?

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी, मावळ आणि वेल्हे या भागांत डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या पायवाटा, जुन्या गाडीवाटा आणि धरणांच्या काठाने जाणारे कच्चे रस्ते यांचा येथे प्रामुख्याने विचार केला आहे. पवना, मुळशी, वरसगाव आणि पानशेत या जलाशयांना मिळणारे असंख्य लहानमोठे ओढे या वाटांना आडवे येतात आणि त्यांतील बहुतेकांवर पूल किंवा मोरी नसते. पुण्यातील वेताळ टेकडी किंवा तळजाई टेकडी येथे सराव करून जे सायकलस्वार पहिल्यांदा घाटमाथ्याकडे वळतात, त्यांच्याकडून हे प्रश्न वारंवार येतात. टेकड्यांवर मुरमाची घसरण आणि दगडधोंडे यांची सवय होते, परंतु वाहत्या पाण्याची होत नाही, म्हणून उत्तरे थोडी विस्ताराने दिली आहेत.

ओढे ओलांडत सायकल चालवण्यासाठी वर्षातील योग्य काळ कोणता?

गणेश विसर्जनानंतर पावसाचा जोर ओसरतो, तेव्हापासून साधारणपणे डिसेंबरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला असतो. ओढे वाहते असतात, पाणी निवळशंख झालेले असते आणि वाटेवरचा चिखल वाळून माती घट्ट बसलेली असते. जानेवारीनंतर बरेच ओढे आटतात आणि फेब्रुवारीत डोह तेवढे शिल्लक राहतात.

जुलै आणि ऑगस्टमध्ये ओढ्यांच्या वाटांवर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या लोणावळ्यात तो ४००० मिलिमीटरहून अधिक असतो. त्यामुळे पुण्यात कोथरूडमध्ये सकाळी ऊन पडले, म्हणजे ताम्हिणी घाटाच्या बाजूलाही पाऊस उघडला असेल, हा अंदाज हमखास चुकतो. पावसाळ्यात सायकल चालवायचीच असेल, तर गावांना जोडणारे डांबरी रस्ते निवडावेत आणि पाणी पुलावरून पाहावे. धबधबे आणि धरणांच्या परिसरासाठी जिल्हा प्रशासन पावसाळ्यात प्रतिबंधात्मक आदेश काढत असते, तेही निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

सायकलवर बसूनच पाणी ओलांडता येईल की नाही, हे कसे ठरवावे?

सर्वप्रथम थांबावे आणि सायकलवरून उतरावे. वेगात आलेला सायकलस्वार पाण्याकडे पाहतो खरा, पण ते किती आणि कसे आहे याचा अंदाज घेण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. काठावर उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात: तळ दिसतो का, पाणी किती वेगाने वाहते आहे आणि खालच्या अंगाला, म्हणजे पाणी वाहत जाते त्या बाजूला, काय आहे.

तळ दिसत नसेल, तर विचार तेथेच संपतो. सायकलवर बसून जायचे नाही. आपल्या ओढ्यांचा तळ बसाल्टच्या कातळाचा असतो आणि त्यात अडकलेले गोटे पाण्याच्या भोवऱ्याबरोबर वर्षानुवर्षे फिरत राहिल्याने रांजणखळगे तयार होतात. पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे पाहायला लोक लांबून जातात. त्यांचीच लहान भावंडे सह्याद्रीच्या साध्यासुध्या ओढ्यांतही असतात. चार वर्षांपूर्वी मुळशीच्या बाजूला अशाच एका ओढ्यात, गुडघ्याच्या बऱ्याच खाली असलेल्या गढूळ पाण्यात माझे पुढचे चाक खळग्यात गेले, मी हँडलवरून पुढे फेकला गेलो आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. पाणी खोल नव्हते आणि त्याला ओढही नव्हती. तळ दिसत नव्हता, एवढे एकच कारण पुरेसे ठरले.

वेग मोजण्यासाठी एक सोपी रीत आहे. वाळलेले पान किंवा काटकी पाण्यात टाकावी आणि काठाने तिच्याबरोबर नेहमीच्या चालीने चालावे. काटकी मागे राहिली, तर पाणी संथ आहे. काटकी पुढे निघून गेली, तर ते वेगवान आहे असे धरावे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो आणि वेगाने धावणारे जेमतेम १५ सेंटीमीटर पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते.

मी स्वतः पाळतो तो नियम असा: तळ दिसत असलेले संथ पाणी नडगीच्या मध्यापर्यंत असेल, तर सायकलवरून, वेगवान पाणी घोट्याच्या वर असेल, तर सायकल हातात घेऊन, वेगवान पाणी गुडघ्यापर्यंत असेल, तर माघारी.

खालच्या अंगाला पाहण्याचे एवढे महत्त्व का?

सह्याद्रीचा खडक लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला आहे, त्यामुळे येथील ओढे जणू पायऱ्या उतरत खाली येतात. सपाट कातळावरून पाणी पातळ पसरून शांतपणे वाहते आणि थराची कड आली की एकदम खाली कोसळते. ओलांडायला सर्वांत सोपी वाटणारी रुंद आणि उथळ जागा पुष्कळदा अशा कड्याच्या अगदी वर असते. तेथे पाय घसरला, तर सावरायला जागाच उरत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरातील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाण्याचा लोंढा अचानक वाढला आणि त्यांना काठ गाठता आला नाही. ज्या ठिकाणी वाहून गेल्यास माणूस वाळूत किंवा उथळ गोट्यांत थांबेल, तेथेच पाण्यात उतरावे. कडा, खोल डोह, पाण्यात आडवे पडलेले झाड किंवा तारेचे कुंपण खालच्या अंगाला असेल, तर घोट्याएवढे पाणीही टाळावे.

ओलांडण्याची योग्य जागा कशी शोधावी?

या जागेला मराठीत एक जुना शब्द आहे: उतार. ‘नदीला उतार आहे’ म्हणजे ती पायी ओलांडता येते. उतार सहसा तेथे असतो, जेथे पात्र रुंद होते, पाणी पसरते, तळाला गोटे किंवा जाड वाळू असते आणि दोन्ही काठ हलके उतरते असतात. अरुंद जागी पलीकडचा काठ जवळ दिसतो म्हणून मोह होतो. पण तेवढेच पाणी तेथे दाटून खोल आणि वेगाने जात असते.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे विचारणे. एकदा पवनेच्या वरच्या अंगाला एका ओढ्याशी मी बराच वेळ घुटमळत होतो, तेव्हा म्हशी घेऊन आलेल्या एका वयस्कर गुराख्यांना विचारले, “मामा, पलीकडं जायला उतार कुठून आहे?” त्यांनी काठीने वर दाखवले आणि म्हणाले, “म्हशी कुठनं जात्यात ते बघा, अन् त्यांच्या मागनं जावा.” म्हशी वाट सोडून चाळीस-पन्नास पावले वर गेल्या आणि जेथून गेल्या, तेथे पाणी घोट्याच्या वर आले नाही. गुरांच्या खुरांनी तुडवलेला काठ दिसला, की मी आजही आधी तेथे जाऊन पाहतो.

प्रत्यक्ष पाण्यातून जाताना सायकल कशी चालवावी?

पाण्यात शिरण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा, कारण पाण्यात ताण आलेल्या चेनवर गिअर बदलला तर तो अडतो आणि नेमका मध्यभागी पाय टेकावा लागतो. ब्रेक काठावरच लावून वेग कमी करावा आणि पाण्यात ब्रेकला हात लावू नये. बसकण सीटवरून किंचित उचललेली, वजन थोडे मागे आणि कोपर सैल असावेत; हँडल धरलेली बोटे आवळलेली नसावीत. चाक गोट्यावरून इकडेतिकडे सरकले, तर सायकलला तेवढी मोकळीक हवी. पेडल सलग, एकसारखे फिरवत राहावे. नजर पुढच्या चाकाखालच्या पाण्यावर ठेवू नये, कारण वाहत्या पाण्याकडे पाहत राहिल्याने आपणच वाहत असल्याचा भास होतो आणि हँडल नकळत खालच्या अंगाला वळते. पलीकडच्या काठावरचा एखादा ठळक दगड किंवा झाडाचा बुंधा निवडावा आणि तेथेच पाहत जावे.

२९ इंची चाकाच्या सायकलचा हब (चाकाचा मधला भाग) जमिनीपासून सुमारे ३७ सेंटीमीटर, तर क्रँकचा (पेडलच्या दांड्यांचा) आस त्याहून थोडा खाली असतो. पेडल सर्वांत खाली येते तेव्हा ते जमिनीपासून जेमतेम १४-१५ सेंटीमीटरवर असते. म्हणजे नडगीच्या मध्यापर्यंतच्या पाण्यात पाऊल प्रत्येक फेऱ्यात बुडणारच, शिवाय पेडल पाण्याखालच्या गोट्यावर आपटण्याची शक्यताही असते. अशा वेळी पूर्ण फेऱ्याऐवजी अर्धे-अर्धे फेरे मारत जाणे उपयोगी पडते. सपाट रस्त्यावर आधी हा सराव करून घ्यावा.

पाण्यातून बाहेर पडताना टायर ओले आणि काठ निसरडा असतो. पडणारे बरेच जण पाण्यात न पडता येथे, ओलांडणे संपले असे वाटून सैलावल्यावर पडतात.

शेवाळलेल्या कातळावर टायरची पकड राहते का?

राहत नाही, आणि कोणत्याही टायरने राहत नाही. काळाभोर दिसणारा, सतत ओला राहणारा कातळ खडबडीत कातळापेक्षा नेहमी अधिक धोकादायक समजावा. तेथून जावेच लागले, तर सायकल सरळ ठेवावी, पेडल मारू नये आणि वळू नये. आधीच्या वेगावर निघून जावे. कातळ चार-पाच हातांहून रुंद असेल, तर उतरून जाणेच योग्य. चालतानाही पाऊल पूर्ण टेकवून, लहान पावले टाकावीत. वाहत्या पाण्याच्या मध्यभागी गोट्यांवर पाय अनेकदा अधिक घट्ट बसतो, कारण जोरदार प्रवाहात शेवाळ तितकेसे धरत नाही.

सायकल हातात घेऊन पाणी कसे ओलांडावे?

सायकल आपल्या खालच्या अंगाला असावी. ती वरच्या अंगाला धरली, तर प्रवाह तिला आपल्याच पायांवर ढकलतो आणि माणूस तिच्याखाली येतो. पाठीवरच्या पिशवीचा कमरेचा व छातीचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास पिशवी टाकून देता येते. चेहरा काहीसा वरच्या अंगाकडे ठेवून तिरके, एका वेळी एकच पाऊल उचलत जावे. पाणी उथळ पण गोटे मोठे असतील, तर सायकल खांद्यावर घेणे सोयीचे पडते. मात्र वेगवान पाण्यात खांद्यावरच्या ओझ्याने तोल जातो. प्रवाहाने सायकल हिसकलीच, तर ती सोडून द्यावी. एवढी महागाची वस्तू हातातून सोडणे त्या क्षणी किती जड जाते, याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणूनच हा निर्णय घरून निघतानाच करून ठेवावा, पाण्यात उभे राहून नव्हे.

बूट काढून अनवाणी उतरू नये. कोरडे मोजे पिशवीत ठेवावेत आणि ओले बूट ओलेच राहू द्यावेत.

आपण पलीकडे असताना पाणी वाढले, तर काय करावे?

वाढण्याची चिन्हे आधी दिसतात: निवळ पाण्याला चहासारखा रंग येतो, पालापाचोळा आणि काटक्या वाहू लागतात, आवाज घुमू लागतो आणि मघाशी कोरडा असलेला एखादा दगड ओला होतो. यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर पाण्यात न उतरता आधी उंच जागी जावे. डोंगर तीव्र उताराचा, जमीन कातळाची आणि ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान असल्याने पाणी झपाट्याने चढते. त्याच कारणाने पाऊस थांबल्यावर ते लवकर उतरतेही. दोन-तीन तास थांबल्यावर तोच ओढा पुन्हा घोट्याएवढा झालेला मी पाहिला आहे. त्यासाठी खाण्याचे थोडे जास्तीचे पदार्थ, एक विजेरी आणि अंगावर घ्यायला काहीतरी सोबत असले पाहिजे, म्हणजे अंधार पडेल या भीतीने माणूस चढत्या पाण्यात उतरत नाही.

ओलांडण्यापूर्वी काठावरच्या एका दगडाची पाणीरेषा लक्षात ठेवण्याची सवय लावून घ्यावी. धरणाच्या खालच्या अंगाला असाल आणि भोंगा ऐकू आला, तर पात्रातून ताबडतोब बाहेर पडावे.

कोणती सायकल आणि कोणते टायर घ्यावेत?

पुढच्या बाजूला सस्पेन्शन आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली साधी हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, पुरते. टायर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद, बाजूचे दात ठळक असलेले असावेत. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर असतील, तर हवा थोडी कमी ठेवता येते. साधारण सत्तर किलो वजनाच्या स्वाराला २२ ते २६ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबाच्या दरम्यान गोट्यांवर चांगली पकड मिळते. ट्यूब असेल, तर एवढी कमी हवा ठेवू नये, कारण दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होते.

बूट पेडलला अडकवणारे क्लिपचे पेडल वापरावेत का?

ओढ्यांच्या वाटांवर नवख्यांनी वापरू नयेत.

पाण्यातून जाऊन आल्यावर सायकलची देखभाल कशी करावी?

वाटेवरच पहिली गोष्ट करायची ती ब्रेकची. ओल्या डिस्कवर पहिले काही क्षण ब्रेक नीट धरत नाही, म्हणून काठावर आल्यावर सावकाश पुढे जात दोन्ही ब्रेक हलकेच दाबून पॅड कोरडे करून घ्यावेत. पुढे लगेच उतरण असेल, तर हे विसरून चालणारच नाही. वाळू आणि पाण्याच्या मिश्रणाने मऊ रेझिन पॅड फार लवकर झिजतात, त्यामुळे डिस्कला चालत असतील, तर धातुमिश्रित पॅड बसवावेत.

घरी आल्यावर सायकल साध्या नळाच्या पाण्याने, वरून हलकी धार सोडून धुवावी. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये. एका दुकानात माझी सायकल असल्या फवाऱ्याने लखलखीत करून मिळाली आणि पंधरा दिवसांत क्रँकच्या बेअरिंगमधून करकर आवाज येऊ लागला. उघडले तेव्हा ग्रीसच्या जागी राखाडी पाणी होते. धुतल्यानंतर चेन फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी आणि मगच प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडावा. पाच मिनिटांनी वरचे तेल पुन्हा पुसून टाकावे, कारण बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ धरते.

हबपर्यंत पाणी आले असेल, तर सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून सायकल उलटी करावी. फ्रेमच्या नळीतून कधी कधी पेलाभर पाणी निघते, आणि हे पाणी तसेच राहिले, तर ते क्रँकच्या बेअरिंगवर साचते. पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या स्वच्छ फडक्याने पुसाव्यात. संपूर्ण हंगाम ओढ्यांतून जाणाऱ्याने दिवाळीच्या आसपास एकदा आणि हंगाम संपल्यावर एकदा हब, हेडसेट (हँडल वळते तो सांधा) आणि क्रँकचे बेअरिंग तपासून घ्यावेत.

चिखलात चाकेच फिरेनाशी होतात, त्याला काय उपाय आहे?

काळ्या मातीचा चिखल असेल, तर उपाय नाही. ती माती टायरला चिकटते, तिच्यावर गवत आणि खडे चिकटतात आणि दहा-वीस पावलांत चाक फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यांत) जाम होते. जबरदस्तीने पेडल मारल्यास मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) तुटतो. सायकल उचलून न्यावी, काटकीने चिखल काढावा आणि पुढच्या ओढ्यात चाके धुऊन घ्यावीत. तांबड्या मातीचा आणि मुरमाचा चिखल निसरडा असतो, पण तो सुटून पडतो.

गावांतून आणि शेतांजवळून जाताना काय पाळावे?

ओढ्याच्या दोन्ही काठांना बहुतेक ठिकाणी भातखाचरे असतात. खाचराचा बांध ही वाट नव्हे. तो पाणी अडवून धरण्यासाठी माणसांनी हातांनी रचलेला असतो आणि ओल्या बांधावरून गेलेल्या एका चाकाच्या खाचेतून अख्ख्या खाचराचे पाणी निघून जाऊ शकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भात कापून पसरलेले असते, तेव्हा ते चुकवून जाण्यासाठी उतरून चालावे. सायकलची चेन गावाच्या पाणवठ्यावर किंवा बायका कपडे धूत असतील त्याच्या वरच्या अंगाला धुऊ नये. एवढ्या मोठ्या ओढ्यात तेलाच्या दोन थेंबांनी काय होते, असे आपल्याला वाटते. पण खाली त्याच पाण्यावर हंडे भरले जात असतात.

पाणी ओलांडायची जागा एकच ठेवावी. प्रत्येकाने वेगळी जागा शोधली, की काठ ढासळत जातो आणि दगडांखाली राहणारे खेकडे आणि बेडूक विनाकारण चिरडले जातात. देवराईतून, मग तेथून वाट गेलेली असो वा नसो, सायकल चालवू नये.

परवानगी लागते का?

गावाच्या वहिवाटीच्या रस्त्यांवर सहसा लागत नाही. वनविभागाच्या क्षेत्रात स्थानिक वनरक्षकांना विचारूनच जावे. अभयारण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही; ताम्हिणीचा काही भाग अभयारण्यात मोडतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

पाण्यामुळे कोणते आजार किंवा इजा होऊ शकतात?

लेप्टोस्पायरोसिसकडे विशेष लक्ष द्यावे. जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा चिखलातून, त्वचेवरच्या जखमेवाटे हा जंतू शरीरात शिरतो आणि लक्षणे साधारणपणे एक ते दोन आठवड्यांनी दिसतात. ताप, डोळे लाल होणे आणि पोटऱ्या ठणकणे ही त्याची लक्षणे असतात. सायकलस्वाराला पोटऱ्यांचे दुखणे श्रमाचे वाटते आणि उपचारांना उशीर होतो. ओढ्यांतून फिरून आल्यानंतर ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचे आवर्जून सांगावे. पायावर खरचटलेले असेल, तर निघण्यापूर्वी ते झाकावे आणि परतल्यावर पाय साबणाने धुवावेत.

जळवांचा त्रास होतो, पण धोका नाही. ओढून न काढता नखाने कडेने सोडवावी. ओढ्यालगतच्या झुडपांत हिरवा चापडा हा विषारी साप फांदीवर बरोबर हँडलच्या उंचीवर बसलेला असतो, म्हणून काठाच्या फांद्या हाताने बाजूला सारू नयेत. सर्पदंश झाल्यास जखम कापणे किंवा आवळून बांधणे असे काहीही न करता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एकट्याने गेले तर चालेल का?

ओढ्यांच्या वाटांवर नाही. किमान तिघे असावेत, म्हणजे एकाला लागले, तर दुसरा त्याच्याजवळ थांबतो आणि तिसरा मोबाइलला रेंज मिळेल तेथपर्यंत जातो. दरीत उतरल्यावर रेंज जाते, त्यामुळे घरी वाटेचे नाव आणि परतण्याची वेळ लिहून ठेवावी.

ओढे आटल्यानंतर या वाटांवर जाण्यात काही अर्थ आहे का?

पुष्कळ आहे. मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे लवकर निघून, आपण हंगामात जे ओढे ओलांडतो त्यांच्या कोरड्या पात्रांतून चालत जावे. पाण्याखाली काय असते ते तेव्हाच कळते: कोणता कातळ कोणत्या बाजूला कलला आहे, कोठे भेग आहे, कोठे गोटे सैल आहेत. माझे मनगट जेथे मोडले, त्या ओढ्यात मी पुढच्या एप्रिलमध्ये गेलो. खळग्याचे तोंड जेवणाच्या ताटाएवढे होते, हात घातला तर कोपर बुडाले, आणि तळाशी लिंबाएवढे तीन गुळगुळीत गोटे पडलेले होते. तेथून वीस पावले वर, गुरांच्या वाटेवर, तळ सपाट आणि वाळूचा आहे. आता आम्ही तेथूनच जातो.